जुने दुखणे आणि औषधाचे प्रमाण

दक्षिण दिल्लीतील मुनिरका हे एकेकाळचे खेडे. आज त्याच्या एका बाजूस जवाहरलाल नेहरू विद्यापीठ आहे, जवळून आउटर रिंग रोड जातो आणि २०१८ पासून तेथे मेट्रोचे स्थानकही झाले आहे. जुन्या गावठाणातील गल्ल्या मात्र अजून अरुंदच आहेत. दोन्ही बाजूंना चार-चार, पाच-पाच मजल्यांच्या इमारती एकमेकींना खेटून उभ्या आहेत आणि पुष्कळ ठिकाणी वर जाण्यासाठी जिन्याशिवाय दुसरा उपाय नाही. देशाच्या नाना भागांतून आलेले विद्यार्थी, रखवालदार, शिंपी, घरकाम करणाऱ्या स्त्रिया असे लोक येथे खोल्या भाड्याने घेऊन राहतात.

अशाच एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर राहणारी एक स्त्री उदाहरणादाखल डोळ्यांसमोर आणावी. वय बावन्न. तीन घरी स्वयंपाक करून ती संसार चालवते. दोन वर्षांपासून तिचे दोन्ही गुडघे आणि कंबर दुखते. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात जाऊन ती ‘गुडघ्याची गोळी’ मागते आणि दुकानदार पट्टीतून चार गोळ्या कापून देतो. सुरुवातीस दिवसाला एक गोळी पुरत असे. पुढे दोन लागू लागल्या. एके दिवशी शेजारीण सांगते की या गोळ्यांनी मूत्रपिंडे निकामी होतात. घाबरून ती त्याच दिवशी सर्व गोळ्या बंद करते. आठ दिवस तिला जिना उतरता येत नाही, तीनपैकी एक घर हातचे जाते, आणि नवव्या दिवशी ती पुन्हा दोन गोळ्यांवर येते. आता पित्ताची एक गोळीही सोबत असते.

या स्त्रीची चूक नेमकी कोठे झाली? गोळी घेतली ही चूक नव्हे आणि गोळीचे भय वाटले हीही चूक नव्हे. गोळी हाच एकमेव उपचार आहे असे तिने धरले होते. त्यामुळे तिच्यापुढे दोनच मार्ग उरले, सर्व गोळ्या घेणे किंवा सर्व सोडणे. जुन्या दुखण्याचे बहुसंख्य रुग्ण याच दोन टोकांमध्ये हेलकावे खात असतात.

वेदना ही मुळात शरीराची राखण करणारी व्यवस्था आहे. हाताला चटका बसला की हात मागे येतो. पाय मुरगळला की त्यावर भार टाकवत नाही. अशा वेळी दुखणे म्हणजे सूचना असते. जखम भरली की सूचना थांबते. परंतु दुखणे तीन महिन्यांहून अधिक काळ टिकले किंवा पुन्हा पुन्हा येत राहिले, तर वैद्यकशास्त्र त्याला जुनाट वेदना म्हणते. येथे राखणदाराचे वर्तन बदललेले असते. वाड्याच्या दाराशी बांधलेला कुत्रा चोरावर भुंकतो तोवर तो उपयोगी असतो. पण पानांच्या सळसळीवर आणि घरच्याच माणसांवर रात्रभर भुंकू लागला, तर चोर नसतानाही झोप उडते. तसेच वारंवार उद्दीपित झालेले चेतातंतू आणि मज्जारज्जू साध्या स्पर्शाला व हालचालीलाही वेदनेचा अर्थ देऊ लागतात. वेदना खोटी असते किंवा ‘मनाची’ असते, असा याचा अर्थ मुळीच नाही. दुखण्याची तीव्रता आणि सांध्याची झालेली झीज यांचे प्रमाण मात्र नेहमी सारखे राहत नाही. क्ष-किरण चित्रात बरीच झीज दिसूनही सहज चालणारे लोक असतात आणि थोडी झीज असूनही हैराण झालेले लोक असतात.

१९६५ साली रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या दोन शास्त्रज्ञांनी असे मांडले की, मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशांसाठी जणू एक दार असते आणि ते कमी-अधिक उघडते. लहान मुलाला लागले की आई ती जागा चोळते आणि मूल शांत होते. चोळण्याचे संदेश त्या दारात गर्दी करतात व वेदनेचा संदेश अडखळतो. वरून मेंदूही दारावर नियंत्रण ठेवतो. भीती, अपुरी झोप, एकटेपणा यांनी दार अधिक उघडते. हालचाल, ऊब, विश्वास, गुंतवून ठेवणारे काम यांनी ते काहीसे मिटते. या मांडणीत पुढे अनेक दुरुस्त्या झाल्या, पण एक गोष्ट त्यामुळे कायमची स्पष्ट झाली. वेदनेवर केवळ एकाच बाजूने उपाय करता येत नाही.

आता त्या गोळीकडे वळू. ‘गुडघ्याची गोळी’ नावाचे कोणतेही औषध नाही. दुकानातून मिळणाऱ्या पट्टीवर बारीक अक्षरांत बहुधा दोन किंवा तीन औषधांची नावे असतात, उदाहरणार्थ अ‍ॅसिक्लोफेनॅक १०० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम. ही दोन्ही औषधे अगदी वेगळी आहेत आणि त्यांचे धोकेही वेगळे आहेत.

अ‍ॅसिक्लोफेनॅक, डायक्लोफेनॅक, आयब्यूप्रोफेन ही एकाच कुळातील औषधे होत. शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात; सूज आणि वेदना यांत त्यांचा मोठा वाटा असतो. अ‍ॅस्पिरिन व त्याच्यासारखी औषधे या द्रव्यांची निर्मिती रोखतात, हे जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखविले आणि त्या संशोधनासाठी १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. अडचण अशी की हीच द्रव्ये जठराच्या अस्तराचे रक्षण करतात आणि मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा सांभाळतात. म्हणून गोळी गुडघ्याची सूज उतरविते तेव्हाच जठराचे संरक्षणही काढून घेते. महिनोन् महिने रोज घेतल्यास जठरात व्रण होऊ शकतो, रक्तदाब चढू शकतो, पायांवर सूज येऊ शकते. वय साठीच्या पुढे असेल, मधुमेह असेल, रक्तदाबाची किंवा लघवी अधिक करविणारी औषधे चालू असतील, तर मूत्रपिंडांना इजा होण्याचा संभव वाढतो. याच कुळातील काही औषधांनी हृदयविकाराचा धोकाही वाढतो. रोफेकॉक्सिब हे औषध याच कारणाने २००४ मध्ये बाजारातून मागे घ्यावे लागले.

डायक्लोफेनॅकची एक कथा भारतीय वाचकाने जाणून घ्यावी अशी आहे. १९९० च्या दशकात भारतातील गिधाडे झपाट्याने नाहीशी होऊ लागली. त्यामागील कारण २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून उलगडले. गुराढोरांना दुखण्यावर डायक्लोफेनॅक दिले जाई आणि अशी जनावरे मेल्यावर त्यांचे मांस खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत. २००६ मध्ये भारत सरकारने जनावरांसाठी या औषधाच्या उत्पादनावर बंदी घातली. माणसाचे शरीर गिधाडाप्रमाणे इतक्या अल्प मात्रेने कोसळत नाही, हे खरे. तरीही ज्या औषधाने आकाशातील एक पक्षी जवळजवळ पुसून टाकला, ते औषध चिठ्ठीवाचून, कागदात गुंडाळून चार-चार विकत घेण्याजोगे नाही, एवढे तरी मानायला हरकत नसावी. कायद्यानेही डायक्लोफेनॅकच्या गोळीसाठी डॉक्टरांची चिठ्ठी लागते.

पॅरासिटामॉल जठराला तुलनेने सौम्य आहे. गुडघ्याच्या झिजेवर त्याचा गुणही बेताचाच असतो. त्याचा धोका यकृताला आहे आणि तो चुकीच्या बेरजेतून उद्भवतो. निरोगी प्रौढाने दिवसाला ४,००० मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडू नये. अशक्त, कमी वजनाच्या किंवा मद्यपान करणाऱ्या माणसासाठी ती त्याहूनही खाली येते. समजा, एखाद्याने ६५० मिलिग्रॅमच्या चार गोळ्या घेतल्या. त्या झाल्या २,६००. त्याच दिवशी सर्दीसाठी ज्या तीन गोळ्या घेतल्या, त्या प्रत्येकीत ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल होते. ते झाले १,५००. एकूण ४,१००. दोन वेगळ्या नावांच्या, दोन वेगळ्या रंगांच्या गोळ्या घेताना आपण मर्यादा ओलांडली, हे त्या माणसाच्या ध्यानीही येत नाही. पट्टीवरील मोठे नाव कंपनीने ठेवलेले असते. खरे नाव त्याच्या खाली बारीक अक्षरांत असते आणि वाचायचे ते तेच.

डोकेदुखीच्या रुग्णांबाबत याहून विचित्र प्रकार घडतो. महिन्यातून पंधरा किंवा अधिक दिवस साध्या वेदनाशामक गोळ्या घेणाऱ्यांना, आणि संमिश्र गोळ्या असतील तर दहा दिवसांपासूनच, त्या गोळ्यांमुळेच रोजची डोकेदुखी जडू शकते. ज्यासाठी औषध घ्यावे तेच औषधाने निर्माण व्हावे, असा हा फेरा आहे.

आणखी एका वस्तूविषयी येथे सावध करणे भाग आहे. ‘सांधेदुखीवर रामबाण’ म्हणून विकल्या जाणाऱ्या नाव-गाव नसलेल्या पुड्या आणि काळ्या गोळ्या तपासल्यावर त्यांत अनेकदा स्टेरॉइड मिसळलेले आढळले आहे. आठ दिवसांत गुण येतो तो त्यामुळेच. काही महिन्यांनी चेहरा सुजतो, रक्तातील साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. अशी पुडी दीर्घकाळ घेऊन एकाएकी सोडणेही घातक असते, कारण तोवर शरीराने स्वतःचे नैसर्गिक स्टेरॉइड बनविणे कमी केलेले असते. म्हणून ती पुडी टाकून न देता डॉक्टरांना नेऊन दाखवावी.

मज्जातंतूंच्या दुखण्याला, म्हणजे मधुमेहात तळपायांची होणारी आग किंवा नागिणीनंतर राहिलेली वेदना यांना, वर सांगितलेल्या गोळ्या फारशा लागू पडत नाहीत. तेथे अमिट्रिप्टिलिन, ड्युलॉक्सेटिन, प्रेगाबालिन यांसारखी औषधे अल्प मात्रेत सुरू करून हळूहळू वाढवितात. यांतील काही औषधे मुळात नैराश्यावरची आहेत. चिठ्ठी वाचून ‘मला वेड्याचे औषध दिले’ असा गैरसमज करून घेण्याचे कारण नाही. वेदना आणि मनःस्थिती यांच्या वाटा चेतासंस्थेत बऱ्याच अंशी एकत्र आहेत. यांनी गुंगी येते, तोल जातो. जिना चढणाऱ्या वयस्क माणसाबाबत ही लहान गोष्ट नव्हे.

एवढे सारे वाचून गोळ्याच नकोत असे वाटणे साहजिक आहे. पण मुनिरक्याच्या त्या स्त्रीने तो प्रयोग करून पाहिला आणि तिचे काम गेले. गोळीशिवाय ती हलली नाही. हलली नाही म्हणून मांडीचे स्नायू आणखी दुबळे झाले, आणि स्नायू दुबळे झाले म्हणून गुडघ्यावरचा भार वाढला. गुडघ्याच्या झिजेवर जगभरातील मार्गदर्शक सूचना ज्या उपचाराला पहिले स्थान देतात, तो व्यायाम आहे. खुर्चीवर बसून पाय सरळ करून पाच-दहा आकडे मोजेपर्यंत धरणे, खुर्चीतून हातांचा आधार न घेता उठणे, सपाट रस्त्यावर चालणे, एवढाच तो साधा असतो. परंतु दुखणाऱ्या माणसाला ‘व्यायाम करा’ असे सांगून मोकळे होणे सोपे असते. पहिले काही आठवडे व्यायामानेच दुखते. गोळीचे खरे स्थान येथे आहे. फिजिओथेरपीच्या आधी अर्धा-पाऊण तास घेतलेली एक गोळी हालचालीला वाट करून देते. हालचालीने स्नायू सुधारतात. मग गोळीची गरज उतरू लागते. हीच गोळी नुसते पडून राहण्यासाठी घेतली, तर तिचा लाभ तिच्या प्रभावाबरोबर संपतो. गुडघ्यासारख्या वरच्यावर असलेल्या सांध्यावर डायक्लोफेनॅकचे मलमही उपयोगी पडते आणि मलमातून औषधाचा फारच थोडा अंश रक्तात जातो.

व्यायामाइतकेच महत्त्व कामाच्या वाटणीला आहे. ज्या दिवशी बरे वाटते त्या दिवशी माणूस साचलेली सर्व कामे उरकतो आणि पुढचे तीन दिवस अंथरुणावर काढतो. यावर उपाय म्हणजे बऱ्या दिवशीही थोडे कमी आणि वाईट दिवशीही थोडे तरी काम करणे. ओट्याशी सलग दोन तास उभे न राहता दर वीस मिनिटांनी उंच स्टुलावर टेकणे, जमिनीवर उकिडवे बसून कणीक न मळणे, पाण्याच्या दोन भरलेल्या बादल्यांऐवजी अर्धी-अर्धी बादली नेणे, असे लहान बदल दुखऱ्या सांध्याला बराच दिलासा देतात. जिन्याचाही एक नियम आहे. चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. काठी धरायची ती दुखऱ्या गुडघ्याच्या बाजूस नव्हे, विरुद्ध हातात. दिल्लीच्या हिवाळ्यात सकाळी सांधे आखडतात. तेव्हा शेक घेऊन मगच जिना उतरणे शहाणपणाचे ठरते.

दुखण्याभोवती जीवनाची मांडणी कशी बदलता येते, याचे एक मोठे उदाहरण महाराष्ट्राने पाहिलेले आहे. आनंदवनाचे संस्थापक बाबा आमटे यांना मणक्यांचा असा विकार जडला होता की, त्यांना बसणे अशक्य झाले. ते उभे राहू शकत किंवा आडवे होऊ शकत. डिसेंबर १९८५ मध्ये त्यांनी कन्याकुमारीहून ‘भारत जोडो’ यात्रा काढली. शंभराहून अधिक तरुण-तरुणी सायकलवर होते आणि सत्तरी ओलांडलेले बाबा सोबतच्या वाहनात बिछान्यावर पडून प्रवास करीत होते. १९८८ मध्ये इटानगर ते ओखा ही दुसरी यात्राही त्यांनी तशीच केली. या उदाहरणाकडे पुष्कळदा केवळ सोशिकपणाचा नमुना म्हणून पाहिले जाते, ते योग्य नाही. सोसणे हा उपचार नव्हे. बसता येत नाही हे त्यांनी मान्य केले आणि बसावे लागणार नाही अशी व्यवस्था केली, हा त्यातील घेण्याजोगा भाग आहे. वेदना शून्यावर येईपर्यंत काम थांबवून ठेवले असते, तर यात्रा निघालीच नसती.

वेदनातज्ज्ञही शून्याची अपेक्षा धरत नाहीत. दुखणे सुमारे तीस टक्क्यांनी उतरले तरी रुग्णाच्या जगण्यात जाणवेल असा फरक पडतो, असे मानले जाते. म्हणून ‘किती दुखते?’ या प्रश्नासोबत ‘काय करता येते?’ हा प्रश्न विचारावा लागतो. साधी वही पुरते. तारीख, घेतलेली गोळी, चढलेले मजले, झोपेचे तास. ‘खूप दुखते’ या वाक्यापेक्षा ‘गेल्या महिन्यात दोन मजल्यांनंतर थांबावे लागे, आता तीन चढते’ या नोंदीवरून डॉक्टर मात्रा कमी करायची की वाढवायची हे अधिक नेमकेपणाने ठरवू शकतात. दीर्घकाळ गोळ्या चालू असतील तर रक्तदाब आणि मूत्रपिंडाची रक्ततपासणी मधून मधून करून घ्यावी लागते. शौचास काळे झाले, लघवी कमी झाली, पायांतील शक्ती गेली किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर मात्र वहीत नोंद करीत न बसता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

यापुढचा प्रश्न अधिक नाजूक आहे, तो अफूपासून मिळणाऱ्या औषधांचा. मॉर्फिन हे त्यांतील मुख्य. १९८६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनेसाठी औषधांची एक शिडी आखून दिली. साध्या गोळ्या पहिल्या पायरीवर आणि मॉर्फिन शेवटच्या पायरीवर. भारतात कायदेशीर परवान्याने अफूची शेती होते. नीमच आणि गाझीपूर येथे तिचे सरकारी कारखाने आहेत. असे असूनही मॉर्फिन देशातील रुग्णांच्या हाती पोचत नव्हते. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यामुळे रुग्णालयांना अनेक खात्यांचे परवाने एकाच वेळी मिळवावे लागत. एका परवान्याची मुदत संपली की उरलेले निरुपयोगी ठरत, आणि शिक्षेच्या भीतीने औषध ठेवणेच पुष्कळांनी सोडून दिले. केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याविरुद्ध वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. २०१४ मध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन यांसह सहा औषधे ‘अत्यावश्यक’ ठरली आणि मान्यताप्राप्त संस्थांना एकाच अधिकाऱ्याची परवानगी पुरेशी झाली.

त्याच काळात अमेरिका उलट टोकाला गेली होती. तेथे १९९६ पासून ऑक्सिकोडोनच्या गोळ्या पाठदुखीसारख्या साध्या जुनाट दुखण्यावरही सढळ हाताने लिहून दिल्या गेल्या. असंख्य लोक व्यसनाच्या आहारी गेले आणि अतिमात्रेने मृत्यू पावले. २०१६ मध्ये कडक मार्गदर्शक सूचना निघाल्या. मग काही डॉक्टरांनी वर्षानुवर्षे औषध घेणाऱ्यांच्या गोळ्या एका फटक्यात तोडल्या. त्या रुग्णांचे इतके हाल झाले की, औषध एकाएकी बंद करू नये असा इशारा तेथील औषध प्रशासनाला २०१९ मध्ये द्यावा लागला आणि २०२२ मध्ये सूचनाही बदलाव्या लागल्या. मुनिरक्यातील स्त्रीने आपल्या दोन गोळ्यांबाबत केले, तेच एका बलाढ्य देशाने आपल्या धोरणाबाबत केले, असे म्हणता येईल.

भारतातही ट्रामाडॉलचा गैरवापर वाढल्याने ते २०१८ मध्ये त्याच अमली पदार्थविषयक कायद्याखाली आणले गेले. झिजलेल्या गुडघ्यासाठी रोज ट्रामाडॉल घेणे बहुधा तोट्याचे ठरते. त्याचा गुण थोडा असतो आणि सवय जडते. झोपेच्या गोळ्या किंवा मद्य यांसोबत अशी औषधे घेतल्यास श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. मात्र कर्करोगाने हाडे पोखरलेल्या माणसाला ‘व्यसन लागेल’ या भीतीने मॉर्फिन नाकारणे ही निर्दयता आहे. तेथे ते दुखल्यावर नव्हे, तर घड्याळाप्रमाणे, सामान्यतः दर चार तासांनी द्यायचे असते आणि सोबत बद्धकोष्ठाचे औषधही न चुकता द्यावे लागते.

मुनिरक्याला लागूनच रामकृष्णपुरम ही वसाहत आहे. हरमाला गुप्ता यांनी १९९६ मध्ये स्थापन केलेली ‘कॅनसपोर्ट’ ही संस्था तेथून कर्करोगग्रस्तांच्या घरी डॉक्टर, परिचारिका आणि समुपदेशक पाठविते. एम्सच्या कर्करोग रुग्णालयातही वेदनेवरील उपचारांचा स्वतंत्र विभाग आहे. आरोग्यसेवेतील अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देणारी राष्ट्रीय आरोग्य आणि कुटुंबकल्याण संस्था तर खुद्द मुनिरक्यातच आहे. तरीही गावठाणातल्या गल्लीत राहणाऱ्याला दुखणे दाखविण्याची पहिली जागा कोपऱ्यावरचे दुकान हीच वाटते. मोठ्या रुग्णालयात पहाटे रांगेत उभे राहायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, आणि तीच अडचण पुढच्या खेपेलाही असते.

त्या स्त्रीनेही एक दिवस बुडवून रुग्णालय गाठले, असे समजू. घरातील सर्व पट्ट्या तिने पिशवीत घालून नेल्या होत्या. डॉक्टरांनी दोन पट्ट्यांत एकच औषध असल्याचे दाखविले आणि एक बंद केली. रक्तदाब व मूत्रपिंडे तपासून दुसरी तीन आठवड्यांपुरती, जेवणानंतर आणि व्यायामाच्या दिवशीच घ्यायला सांगितली. गुडघ्यांसाठी मलम दिले. फिजिओथेरपिस्टने तीन व्यायाम शिकविले आणि पुढच्या खेपेस वही आणायला सांगितली. ‘चौथा मजला सोडता येईल का?’ असेही त्यांनी विचारले. खालच्या मजल्यांवरील खोल्यांचे भाडे अधिक पडते, असे तिने सांगितले. तेव्हा बाजारहाट दिवसातून एकदाच करावी आणि प्रत्येक मजल्यावर मिनिटभर थांबावे, असे ठरले.